पाचवीचा सांधा

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा गुण त्याच्या उद्दिष्टांच्या पानावरून ठरवू नये, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. २००५ च्या आराखड्याने विचार आणि कृती यांचे स्वातंत्र्य, इतरांच्या सुखदुःखाची जाणीव, नव्या परिस्थितीला सर्जकतेने सामोरे जाण्याची तयारी, लोकशाहीतला सहभाग आणि आर्थिक व सामाजिक बदलात हातभार लावण्याची कुवत ही उद्दिष्टे मांडली होती. डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आराखड्याने विवेकनिष्ठ व स्वतंत्र विचार, आरोग्य व सुस्थिती, लोकशाहीतला व समाजजीवनातला सहभाग, आर्थिक सहभाग आणि सांस्कृतिक-सामाजिक सहभाग ही पाच मांडली. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि वर्षे झाकली, तर कोणती कोणत्या सरकारच्या काळातली हे ओळखणे सोपे जाणार नाही. भांडणे झाली ती पुस्तकांतल्या धड्यांवरून आणि इतिहासातल्या गाळलेल्या व घातलेल्या परिच्छेदांवरून. २००० चा आराखडा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००२ मध्ये न्यायालयाने तो ग्राह्य ठरवला. स्वतंत्र विचार करणारे मूल नको, असे मात्र आजवर कोणत्याही समितीने लिहिलेले नाही.

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात गणित शिकवतो आणि पाचवीपासूनचे वर्ग माझ्याकडे असतात. आमच्या पाचवीत येणारी बरीच मुले आसपासच्या वाड्यांवरच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून येतात. या जागेवर बसून आराखडा वाचणाऱ्याचे लक्ष साहजिकच त्याच्या सांध्यांकडे जाते: एक टप्पा संपून दुसरा कुठे सुरू होतो, एक कागद दुसऱ्या कागदाला कुठे जोडला जातो आणि त्या जोडाशी उभे असलेल्या मुलाचे काय होते.

राष्ट्रीय म्हटले की सगळ्या देशाला एकच पुस्तक असा समज सहज होतो. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला तो खरोखरच बंधनकारक होता. विषय ठरलेले, टप्पे ठरलेले आणि टप्प्यांच्या शेवटी चाचण्याही ठरलेल्या. आपल्याकडे शिक्षण हा मुळात राज्यांचा विषय होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, तरी शाळा चालवणे, पुस्तके नेमणे आणि शिक्षक भरणे ही कामे राज्यांकडेच राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने राष्ट्रीय आराखडा तयार करण्याची जबाबदारी केंद्रावर टाकली, आणि प्रत्यक्ष अभ्यासक्रम व मूल्यमापनाची पद्धत ठरवण्यासाठी संबंधित सरकारने शैक्षणिक प्राधिकरण नेमावे असे सांगितले. म्हणजे दिल्लीहून निघालेले उद्दिष्ट राज्याचा आराखडा, विषयवार अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक, वेळापत्रक आणि प्रश्नपत्रिका एवढे उंबरे ओलांडून मुलापर्यंत पोहोचते. गोव्यात त्यातले काही उंबरे पर्वरीच्या सरकारी कचेऱ्यांत आहेत आणि शेवटचा माझ्या वर्गाचा.

२०२३ च्या आराखड्याचे मोठे श्रेय असे की त्याने या उतरंडीचा गांभीर्याने विचार केला आहे. व्यापक उद्दिष्टांखाली प्रत्येक विषयाची प्रत्येक टप्प्यासाठीची ध्येये, त्यांच्याखाली क्षमता आणि क्षमतांखाली अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून मुलाला नेमके काय यावे, अशी त्याची बांधणी आहे. सातवीतल्या एखाद्या निष्पत्तीवर बोट ठेवून तिचा धागा वरच्या उद्दिष्टापर्यंत नेता यावा, अशी त्यामागची अपेक्षा. २००५ चा आराखडा सुमारे दीडशे पानांचा होता, त्याच्या जोडीला एकवीस अभ्यासगटांचे निबंध होते, आणि वाचायला तो आजही अधिक सुंदर वाटतो. शाळेबाहेरच्या जगाशी ज्ञान जोडावे, घोकंपट्टीपासून दूर जावे, पाठ्यपुस्तकापलीकडे पाहावे ही त्याची वाक्ये आम्ही प्रशिक्षणांत इतकी ऐकली की ती पाठ झाली, आणि घोकंपट्टीविरुद्धचे वाक्य पाठ होण्यातला विनोद तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. त्या आराखड्याने शिक्षकावर विश्वास टाकला, पण सोमवारी सकाळी पहिल्या तासाला काय करायचे हे त्यालाच ठरवायला सांगितले. नवा आराखडा सहाशेच्या आसपास पानांचा आहे, पुनरुक्तीने भरलेला आहे, पंचकोशांच्या विवेचनाने काही ठिकाणी जडही झाला आहे. तरी वर्गात काय दिसायला हवे ते तो सांगतो. मला स्वतःला हा बदल इष्ट वाटतो. सुंदर वाक्याचा जाब विचारता येत नाही, क्षमतेचा विचारता येतो.

ही बांधणी खाली जमिनीवर कशी उतरू शकेल हे पाहायचे तर आमच्याकडच्या खाजनाचे उदाहरण घ्यावे. तिसरी ते पाचवीसाठी आराखड्याने ‘भोवतालचे जग’ असा एक संयुक्त विषय ठेवला आहे. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे सहावीपासून वेगळी होतात. परिसरातले नैसर्गिक आणि सामाजिक घटक पाहणे, त्यांच्यातले नाते ओळखणे आणि पाहिलेले शब्दांत व चित्रांत मांडणे हा त्या विषयाचा गाभा. जुवारी आणि मांडवीच्या काठची खाजने या गाभ्यासाठीच घडली असावीत, असे वाटते. भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असलेली ही जमीन बांध घालून खाडीपासून राखलेली असते. बांधात मानस, म्हणजे झडपांचे दार, असते. भरतीचे पाणी वर चढू लागले की त्याच्याच दाबाने मानसीच्या लाकडी झडपा मिटतात आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात गोड्या पाण्याने मातीतला खारटपणा धुऊन जातो आणि खारेपण सोसणारे कोरगूट भात उभे राहते. मानसीच्या तोंडाशी मासळी मिळते. काही ठिकाणी पावसाळा सरल्यावर त्याच परिसरात मिठागरे चालतात.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाने दिवसातून दोनदा मानसीकडे जाऊन झडप उघडी की मिटलेली याची नोंद आठवडाभर ठेवली, तर भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते हे त्याला न सांगता कळेल. त्या नोंदीचा तक्ता हे गणित झाले. बांध कोण दुरुस्त करत असे, गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेने त्याची व्यवस्था कशी लावली होती, आज बांध फुटला तर कुणाकडे जायचे, हे विचारायला ते घरच्या आजोबांकडे गेले की लोकशाही आणि समाजजीवनातल्या सहभागाचे उद्दिष्ट भाषणाविना सुरू झाले. व्यवसाय शिक्षणासाठी आराखड्याने सजीवांशी निगडित काम, यंत्रे व साहित्याशी निगडित काम आणि माणसांच्या सेवेशी निगडित काम असे तीन प्रकार केले आहेत. भातशेती पहिल्यात बसते आणि मानसीची झडप घडवणे दुसऱ्यात. यासाठी मोठी साधनसामग्री लागत नाही, खाजन मात्र शिल्लक असावे लागते. कित्येक ठिकाणी बांध फुटून खारे पाणी आत शिरले आहे, कित्येक ठिकाणी भराव पडला आहे, आणि तेही मुलांनी नोंदवण्यासारखेच आहे.

हे सगळे तिसरी-चौथीत मराठीतून, तोंडाने अर्धे कोकणीतून, उत्तम चालू शकते. अडते ते पुढच्या वर्षी.

नव्या रचनेत शालेय वर्षांची विभागणी ५+३+३+४ अशी आहे. तीन ते आठ वयाचा पायाभूत टप्पा, त्यात बालवाटिकेची वर्षे आणि पहिली-दुसरी. मग तिसरी ते पाचवीचा पूर्वतयारीचा टप्पा. सहावी ते आठवीचा मधला. आणि नववी ते बारावीचा माध्यमिक. पूर्वतयारीच्या टप्प्याचे काम असे कल्पिले आहे की खेळातून आलेले मूल हळूहळू पुस्तकाशी, लिखाणाशी आणि रीतसर अभ्यासाशी परिचित व्हावे, आणि अमूर्त संकल्पनांकडे त्याने वळावे ते सहावीत. त्यासाठी तीन वर्षांचा सलग अवधी दिला आहे. भाषेच्या बाबतीत २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत व त्यापुढेही, मुलाच्या घरच्या किंवा परिसरातल्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. टप्पा आणि भाषा यांची हद्द एकाच ठिकाणी, पाचवीच्या शेवटी, आणून ठेवण्यात विचार आहे.

गोव्यात मात्र प्राथमिक शाळा चौथीला संपते. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी हा एक गट मानून शिक्षकसंख्या आणि दिवस ठरवतो, तरी आमच्या इमारती जुन्याच हिशेबाने उभ्या आहेत. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्या चौथीपर्यंतच्या. आणि पाचवीपासून हायस्कूल, तेही इंग्रजी माध्यमाचे, ही वाट इतकी रुळली की ती कुणी ठरवली होती हेही आता कुणाला आठवत नाही. म्हणजे तीन वर्षांच्या सलग टप्प्यातली दोन वर्षे संपताच मुलाची इमारत बदलते, शिक्षक बदलतात, एकाच बाईंऐवजी विषयागणिक वेगळे शिक्षक येतात आणि त्याच दिवशी माध्यमही बदलते. आराखड्याने जिथे सलग भिंत काढली आहे, नेमके तिथे आमचे दार आहे.

माध्यमाच्या प्रश्नावर गोव्याने काही कमी भांडणे केलेली नाहीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद केली. १९९० च्या सुमारास सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच देण्याचे धोरण आले. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाची वाट मोकळी झाली आणि मग मोर्चे, सभा, मंच, निवडणुका. मी स्वतः त्या सभांना गेलो आहे आणि त्यातल्या मागण्यांशी आजही बहुतांशी सहमत आहे. पण दोन्ही बाजूंचा सगळा वाद पहिली ते चौथीचा होता. पाचवीत काय होते याबद्दल मराठीवाल्यांनी, कोकणीवाल्यांनी आणि इंग्रजीवाल्यांनी एकमताने मौन पाळले, कारण तिघांचीही मुले पाचवीपासून एकाच इंग्रजी वर्गात बसत होती.

वर्गात याचे रूप काय असते ते सांगतो. जून-जुलैत मी फळ्यावर भागाकाराची उदाहरणे नुसत्या आकड्यांत घालतो तेव्हा मराठी शाळेतून आलेली मुले बरोबरीने, कधी पुढेही असतात. पाढ्यांची तयारी त्यांची चांगली असते. तेच उदाहरण पुस्तकातल्या शब्दांत आले, म्हणजे एका बागायतदाराने इतके नारळ इतक्या पोत्यांत भरले तर किती उरले, असे इंग्रजीत आले, की त्यांची पाने कोरी राहतात. मी तोच प्रश्न कोकणीतून मोठ्याने सांगतो आणि अर्ध्याहून अधिक हात वर येतात. कुळागरात वाढलेल्या मुलाला नारळाचा हिशेब येत नाही अशी नोंद गुणपत्रिकेत पडते ती अशी. भावी विवेकनिष्ठ नागरिक त्या वेळी बाकावर बसून शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवत असतो आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

या ठिकाणी गोव्यातल्या मराठी माणसाने एक गोष्ट मोकळेपणाने कबूल करायला हवी. आमच्यापैकी अनेकांच्या घरात बोलणे कोकणीत, कीर्तन-नाटक-वर्तमानपत्र मराठीत आणि अर्ज इंग्रजीत अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. नव्या आराखड्याने भाषांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रम दिले आहेत. साक्षरतेची पहिली भाषा शक्यतो मातृभाषा किंवा मुलाच्या ओळखीची भाषा असावी आणि तिन्हींपैकी किमान दोन भारतीय असाव्यात, अशी त्याची अट आहे. ओळखीच्या भाषेला दिलेली ही मुभा गोव्यासाठी फार मोलाची आहे; तिच्यामुळे वाड्यावरच्या मराठी शाळेला ‘तुमच्या मुलांची मातृभाषा कोणती’ या जुन्या उलटतपासणीला तोंड द्यावे लागत नाही. आता आमच्या वर्गांत कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलेही असतात, त्यांतली कित्येक मराठी शाळेतून येतात आणि मराठी चांगले लिहितात. त्यांच्यासाठी पाचवीतले इंग्रजी ही शाळेतली पहिली परकी भाषा नसते, आणि त्यांचे गोंधळणे वेगळ्या प्रकारचे असते. त्याविषयी पुन्हा कधी तरी लिहीन.

वेळेच्या हिशेबातही हा सांधा डोकावतो. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १,००० तास धरले आहेत. नव्या आराखड्याने आठवड्याला सुमारे २९ तासांचे वेळापत्रक सुचवले आहे, आणि त्यात कला, शारीरिक शिक्षण व व्यवसाय शिक्षण हे गुणपत्रिकेच्या तळाशी लिहायचे विषय न राहता मुख्य विषय झाले आहेत. हे तास आणायचे कुठून, याचे गोव्याचे उत्तर २०२५ मध्ये मिळाले. सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग जूनऐवजी एप्रिलमध्येच सुरू झाले. उकाड्याचा, पंख्यांचा आणि पाण्याचा त्रास होईल म्हणून पालकांनी आक्षेप घेतले, ते रास्त होते. मला त्यात दिसले ते वेगळेच. एप्रिलच्या त्या फर्मानातून पाचवी वगळली होती. दिनदर्शिकेने पाचवीला प्राथमिक मानले, आणि वेळापत्रकाने, माध्यमाने व शिक्षकांच्या नेमणुकीने हायस्कूल.

मूल्यमापनाच्या बाबतीत फार लिहीत नाही. धोरणाने तिसरी, पाचवी आणि आठवीला शालेय परीक्षा सुचवल्या आहेत, आणि ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये देशभर घेतलेले सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचे होते, म्हणजे प्रत्येक टप्पा संपल्यानंतरची मोजणी. पूर्वतयारीच्या टप्प्याचे फळ सहावीत मोजायचे असेल, तर आमच्याकडे त्या मोजणीत दोन वेगळ्या शाळांचे काम मिसळलेले असणार. आकडे खाली आले की प्राथमिक शाळेतल्या बाई हायस्कुलाकडे बोट दाखवतील आणि आम्ही त्यांच्याकडे. ही प्रथा आधीपासून आहेच, आता तिला आलेख मिळतील.

उपाय दोन दिसतात. पाचवी प्राथमिक शाळेला जोडणे हा सरळ उपाय. पण अनेक वाड्यांवरच्या शाळांत पट इतका घसरला आहे की एकच शिक्षक चारही वर्ग सांभाळतो, आणि त्याच्याकडे पाचवा वर्ग दिला तर टप्पा सलग होईल पण शिकवणे होणार नाही. शिवाय पालकांना हायस्कुलातली जागा चौथीनंतरच धरून ठेवायची असते. सहावीत प्रवेश मिळेल याची लेखी हमी असल्याशिवाय ते मूल मागे ठेवणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. दुसरा उपाय हायस्कुलातच करायचा: पाचवीचे ‘भोवतालचे जग’ आणि गणित एका वर्षापुरते दोन भाषांत चालवायचे, प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापायची, आणि मुलाने उत्तर कोणत्याही भाषेत लिहिले तरी पूर्ण गुण द्यायचे. याला नवी खोली लागत नाही. पाचवीच्या दोन पुस्तकांना मराठी-कोकणी जोडपुस्तिका लागेल आणि खात्याचे एक परिपत्रक लागेल. जे आम्ही तोंडी रोज करतो तेच कागदावर आणायचे आहे, आणि राज्याच्या आराखड्यात त्यासाठी एक परिच्छेद पुरे.

राहिला शिक्षकाचा प्रश्न, आणि तो मला अजून सुटलेला नाही. चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-शिक्षण अभ्यासक्रम २०२३-२४ पासून देशातल्या निवडक संस्थांत सुरू झाला आहे आणि त्यात पायाभूत, पूर्वतयारी, मधला व माध्यमिक असे टप्प्यांप्रमाणेच शिक्षक घडवले जाणार आहेत. उद्या पूर्वतयारीच्या टप्प्याची पदवी घेऊन एखादी मुलगी गोव्यात नोकरीला आली, तर तिसरी-चौथीसाठी तिला सरकारी प्राथमिक शाळेत नेमावे लागेल आणि पाचवीसाठी एखाद्या संस्थेच्या अनुदानित हायस्कुलात. दोन्हींची भरती वेगळी, सेवाज्येष्ठतेची यादी वेगळी, पगार देणारा हात अखेर सरकारचाच असला तरी नेमणारा वेगळा. आमच्या मुख्याध्यापकांना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘सर, पयलीं पाचवेच्यो दोन तुकड्यो भरूं दी, मागीर पळोवया.’ म्हणजे, आधी पाचवीच्या दोन तुकड्या भरू देत, मग पाहू.